आधी डब्याचा फोटो, मग डबा

मूल ज्युनिअर केजीत गेलं की पहिली खरेदी दप्तराची नाही, डब्याची करा. साध्या स्टीलच्या डब्याकडे बघूसुद्धा नका. तो चार वर्षांच्या पोराला स्वतःचा स्वतः उघडता येतो, हाच त्याचा मोठा दोष. पाच कप्प्यांचा, चारही बाजूंना चाप असलेला, आत रबराची रिंग ठासून बसवलेला डबा घ्या. छोटी सुट्टी पंधरा मिनिटांची. त्यातली सात मिनिटं पोर त्या चापांशी झटापट करेल, मग डबा हातात धरून मावशींपुढे उभं राहील. मावशींपुढे आधीच दहा-बारा डबे रांगेत असतील. काही बिघडत नाही, बोटांना व्यायाम होतो.

आत काय भरायचं हा प्रश्न दुय्यम. कप्पे पाच आहेत आणि एकही रिकामा दिसता कामा नये, एवढंच धोरण ठेवा. गाजराची फुलं, काकडीच्या चांदण्या, मध्यभागी ब्रोकोलीचा मफिन. पोराने ब्रोकोली जन्मात चाखलेली नसली तर उत्तमच, नव्या चवीची ओळख वर्गातच झालेली बरी, घरी नाटकं कोण बघणार! ओट्यावरच्या ट्यूबखाली फोटो काढू नका, गाजर पिवळट येतं. डबा खिडकीशी न्या. बस यायच्या आत फोटो आयांच्या ग्रुपवर पडला पाहिजे, नाहीतर 'बी' तुकडीतल्या आईचे मूगडाळीचे पॅनकेक पुढे निघून जातात.

द्राक्षं अख्खीच ठेवा, फोटोत टपोरी दिसतात. (हे एक वाक्य मात्र उलटं वाचा. पाच वर्षांखालच्या मुलांना द्राक्षं उभी चिरून, चार फोडी करूनच द्या, आणि अख्खे शेंगदाणे देऊच नका, कूट करा. घशात अडकतात. इथे थट्टा नाही.)

घाईच्या दिवशी बिस्किटं. पण 'मल्टिग्रेन' लिहिलेली. पाकिटाच्या दर्शनी बाजूला गव्हाची लोंबी असते, ती बघून समाधान मानायचं, पाकीट उलटं करायचं नाही. मागे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात असा नियम आहे, आणि तिथे कित्येकदा मैदा, साखर आणि पामतेल पुढच्या बाकावर बसलेले असतात आणि ती पाच धान्यं शेवटच्या. सकाळी सकाळी कशाला जिवाला घोर? सोबत बाटलीत चॉकलेटी पावडर घातलेलं दूध. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना असली पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितलं, कारण अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' नावाचा प्रकारच नाही. तुम्ही मात्र सदर बघू नका, बरणीवरचं उंच होणारं पोर बघा.

आजी डब्यासाठी शेंगदाण्याच्या कुटाचा लाडू सुचवतील. गोड हसा आणि विषय बदला. नाचणीच्या सत्त्वाचं नाव काढलं तर 'तो गावाकडचा प्रकार' म्हणा. महिन्याभराने तीच नाचणी 'रागी कुकीज' होऊन अडीचशे रुपयांच्या डबीत घरी येईल, तेव्हा आजींनाच एक द्या. त्या विचारतील, "ह्यात इतकं महाग काय आहे गं?" उत्तर देऊ नका.

शाळेचीही काळजी करू नका, शाळा जागरूक आहे. मे २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितले, कशात किती साखर ते मुलांना कळावं म्हणून. केजीच्या मुलांना अजून वाचता येत नाही ही किरकोळ अडचण. वर्गात चाळीस मुलं म्हणजे वर्षाला चाळीस वाढदिवस (मे महिन्यात जन्मलेले बिचारे जूनमध्ये उरकून घेतात), आणि दर वाढदिवसाला मुठीत एकेक चॉकलेट. फोटोसाठी मागे शुगर बोर्ड छान दिसतो, रंगीत असतो. फाटकापासून ५० मीटरच्या आत भरमसाठ मीठ, साखर, तेलाचे पदार्थ विकायचे नाहीत, असा २०२० चा नियमही आहे. पाचही बोटांत घालून कुरकुर खायच्या त्या पिवळ्या नळ्या विकणाऱ्याकडे मीटरपट्टी नाही, त्याला तो बिचारा तरी काय करणार?

जिल्हा परिषदेच्या शाळेची गोष्ट वेगळी. तिथे पहिली ते पाचवीच्या मुलाला दुपारी शिजवलेल्या जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा हिशेब आहे. आठवड्याला एक अंडं, न खाणाऱ्याला केळं, असं २०२३ च्या नोव्हेंबरात ठरलं. २०२५ च्या जानेवारीत त्याचा वेगळा निधी थांबला आणि अंडं हवं तर लोकसहभागातून जमवा, असं सांगण्यात आलं. तिथल्या खिचडीचे फोटो कोणी ग्रुपवर टाकत नाही, त्यामुळे त्याबद्दल सल्लाही देता येत नाही.

आता शेवटचा भाग, डबा परत येण्याचा. दप्तरातून तो काढताना जड लागेल. चाप सोडा. चांदण्या काळवंडलेल्या, मफिनला एक चिमुकला दातांचा ठसा. पोराला विचारा, "मग खाल्लंस काय?" ते सांगेल, शेजारच्या बाकावरच्याने तूप-साखरेच्या पोळीची अर्धी गुंडाळी दिली. त्याच्याकडे स्टीलचा डबा आहे आणि तो त्याला उघडता येतो, हेही कौतुकाने सांगेल.

रागावू नका. मफिन टाकवत नाही, म्हणून ओट्याशी उभ्या उभ्या तुम्हीच खा. खाता खाता दुसऱ्या हाताने मोबाइल उघडा, सकाळच्या फोटोला सव्वीस बदाम आले असतील.