इमारत पाडायची नसते, पडू द्यायची असते

दक्षिण मुंबईत शे-दीडशे वर्षांची एखादी व्यापारी इमारत तुमच्या मालकीची असेल तर आधी अभिनंदन. मालकी नसली तरी हरकत नाही. पागडीवर घेतलेला एखादा गाळा असेल, महापालिकेत ओळख असेल, गेला बाजार तिच्यासमोरून जाताना मान वर करून ‘काय काम आहे हो जुन्या लोकांचं’ म्हणायची सवय असेल, तेवढंही पुरतं. अशी इमारत संपवणं एकट्यादुकट्याचं काम नाही, त्याला सगळ्यांचा हातभार लागतो.

पहिला सल्ला असा की हातोडा अजिबात उचलू नका. १९९५ साली मुंबईला वारसा नियमावली लागू झाली, त्यामुळे यादीतल्या इमारतीला हात लावायचा म्हटलं की वारसा समितीचा उंबरठा आला. पाडायला परवानगी, दर्शनी भागात फेरफार करायला परवानगी. काहीच न करायला मात्र कुणाचीही परवानगी लागत नाही. नियमावलीतली सगळ्यात उदार तरतूद हीच आहे, आणि ती कुठेही लिहिलेली नाही.

आदर्श डोळ्यांसमोर असावा म्हणून काळा घोड्याला जाऊन एस्प्लनेड मॅन्शन बघून या. पूर्वीचं वॉटसन्स हॉटेल. जॉन वॉटसन नावाच्या कापडव्यापाऱ्याने १८६०च्या दशकात ते बांधून घेतलं. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिशचा. लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनच्या छपराच्या कामात ज्याचा हात होता आणि पुढे थेम्सवरचा आल्बर्ट ब्रिज ज्याने उभा केला, तोच हा इंजिनिअर. बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, खांब आणि तुळया इंग्लंडात ओतल्या, जहाजात घालून मुंबईला आणल्या, इथे जोडल्या आणि मधल्या मोकळ्या चौकटी विटांनी भरल्या. भार सगळा सांगाड्यावर, भिंती नुसत्या आडोशाला. आज कितीतरी टॉवरांचं बांधकाम याच तत्त्वावर चालतं. ते मुंबईच्या रस्त्यावर दीडशे वर्षांपूर्वी उभं होतं ही माहिती तुम्हाला असली तरी चारचौघांत बोलू नका. लोक उगाच हळवे होतात.

पाहुण्यांसाठी १३० खोल्या, मध्ये काचेच्या छताखाली मोठं दालन. जेवणघरात वाढायला इंग्रज मुली होत्या, म्हणून गावात थट्टा चालायची की वॉटसनने येताना इंग्लंडची हवाही आणली असती तर बरं झालं असतं. १८९६ साली मार्क ट्वेन इथे उतरला आणि बाल्कनीवरच्या कावळ्यांवर त्याने मनापासून लिहिलं. त्याच वर्षी ७ जुलैला ल्युमिएर बंधूंचा सिनेमॅटोग्राफ इथे दाखवला गेला, तिकीट एक रुपया. भारतातला सिनेमाचा पहिला खेळ हाच. सिनेमासाठी जीव टाकणाऱ्या या शहरात त्या जागेचं काय करायचं हा प्रश्न तुम्हाला पडेल. काही करायचं नाही. लेखात उल्लेख करायचा आणि पुढे जायचं.

जमशेटजी टाटांना इथे प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज बांधलं, ही कथा तर तुम्ही ऐकलेली असणारच. तिला भक्कम पुरावा नाही. पण वॉटसन्सशी संबंध असलेल्या सगळ्या गोष्टींमध्ये नियमित डागडुजी झाली ती फक्त या कथेची, त्यामुळे ती अजून ठणठणीत आहे.

आता भाड्याचं बघा. १९४७च्या भाडे कायद्याने मुंबईतली जुनी भाडी १९४०च्या आसपासच्या पातळीला बांधून ठेवली. युद्धानंतरच्या टंचाईत त्याची गरज होतीच, पण टंचाई गेली, पिढ्या बदलल्या आणि भाडं तिथेच राहिलं. मालक म्हणतो, एवढ्या भाड्यात वर्षाचा रंगसुद्धा होत नाही, दुरुस्ती कुठून करू? भाडेकरू म्हणतो, इमारत तुझी, मी कशाला खर्च करू? दोघांचंही बरोबर आहे. तुम्ही मालक असा किंवा भाडेकरू, आपलं बरोबर असणं कधीही सोडू नका. छत गळत असताना तर मुळीच नाही.

भाडेकरू निवडताना वकिलांना प्राधान्य द्या. एस्प्लनेड मॅन्शनच्या शेजारीच सत्र न्यायालय असल्यामुळे हॉटेल बंद झाल्यावर तिथे आपसूकच वकिलांची ऑफिसं थाटली गेली. पाहुण्यांच्या खोल्यांत प्लायवूडची पार्टिशनं आली, फायलींचे गठ्ठे आले, बिडाच्या खांबांना वायरींचे वेटोळे बसले. पावसाळ्यात निळी ताडपत्री. विटांच्या फटीतून वर येणारा पिंपळ दिसला तर उपटू नका. मूळ खोल गेलं की पुढचं तो स्वतः बघतो. बीड भार सोसायला खंबीर, पण ताण आला की वाकत नाही, सरळ तुटतं. म्हणजे आपल्या कामाला अगदी सोयीचं.

जगाने दखल घेतली तरी घाबरू नका. २००५च्या जूनमध्ये जगभरच्या जुन्या वास्तू जपणाऱ्या वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने ही इमारत जगातल्या शंभर धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत घातली. जुलै उजाडला आणि बाल्कन्यांचा भाग रस्त्यावर कोसळला. एक माणूस गेला. त्याचं नाव कुठल्याच यादीत नाही. इथे खरं तर विनोद थांबायला हवा, पण इमारतीचं कामकाज थांबलं नाही, तर मी तरी का थांबू? पुढची जवळपास चौदा वर्षं त्याच जिन्यांवरून अशील चढत-उतरत राहिले.

२०१९ साली उच्च न्यायालयाच्या आदेशाने इमारत रिकामी झाली. आयआयटी मुंबईच्या अहवालाने पाडण्याची शिफारस केली, तर वारसा जपणाऱ्यांचं म्हणणं पडलं की ती वाचवता येते. ही अवस्था सगळ्यात फलदायी समजा. दोन तज्ज्ञ दोन बाजूंना उभे राहिले की तिसऱ्याला काहीच करावं लागत नाही. मालक, भाडेकरू, म्हाडा, महापालिका, वारसा समिती, न्यायालय, प्रत्येकाकडे इमारतीची एकेक किल्ली आहे आणि दार उघडायला सहाही एकदम लागतात.

एवढं सगळं सुरळीत चाललेलं असताना एखादा कंझर्वेशन आर्किटेक्ट उठेल आणि म्हणेल, अहो, हा सांगाडा तुकड्या-तुकड्यांनी बाहेरून आणून जोडलेला आहे, खराब झालेले भाग हेरून बदलता येतात का ते तरी तपासा. माणूस धोकादायक आहे, पण त्याच्याशी वाद घालू नका. बैठकीला सन्मानाने बोलवा, चहा-बिस्किटं द्या, स्लाइड-शो पूर्ण बघा. इतिवृत्तात ‘सूचनेची नोंद घेण्यात आली’ असं लिहा, आणि पुढची तारीख शक्यतो पावसाळ्यानंतरची ठेवा.