आमचे येथे श्रीकृपेकरून मालडबा

गेल्या दसऱ्याला समोरची सोसायटी रिडेव्हलपमेंटसाठी पाडायला घेतली, त्याच दिवशी मी मालडबा बांधायला घेतला. आज त्यांचा पाचवा स्लॅब पडलाय. माझ्या डब्याला कालपरवा छप्पर बसलं. डब्याची लांबी पावणेनऊ सेंटिमीटर, रुंदी अडीच सेंटिमीटरला जरा कमी.

छोट्या गाडीचा डबा म्हटलं की लोक लगेच विचारतात, "माथेरानची का?" नाही हो. माथेरानच्या गाडीच्या दोन रुळांमधलं अंतर दोन फूट, माझ्या बार्शी लाईट रेल्वेचं अडीच फूट. "अर्ध्या फुटाने काय होतंय?" असं मला आमच्याच जिन्यात एकांनी विचारलं. अर्ध्या फुटाच्या सामाईक भिंतीवरून ज्यांच्या वाड्याचा दावा तीन पिढ्या चालला, त्यांनी!

माझं आजोळ बार्शीचं. लहानपणी दर मे महिन्यात मोठ्या गाडीतून पहाटे कुर्डुवाडीला उतरायचं आणि डोळे चोळत छोट्या गाडीत बसायचं. तिच्या मालडब्यांकडे बघून मला कायम वाटायचं, हे आपल्या मापाचे आहेत. पुण्यात वाढणाऱ्या पोराला अरुंद रुळांची दुसरी गाडी ठाऊक होती ती पेशवे पार्कातली फुलराणी. ती १९५६ पासून तिथेच फिरत होती, पण गोल फिरून परत तिथेच येणाऱ्या गाडीला मालडबा कशाला लागतोय? बार्शी लाईट १८९७ साली सुरू झाली आणि पुढे पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत वाढत ३२५ किलोमीटरची झाली. आता तिथे सगळीकडे मोठे रूळ आहेत. छोटे हवे असतील तर ते आपल्या जेवणाच्या टेबलावर घालायचे, एवढाच मार्ग उरलाय. घरच्यांचा आक्षेप नेमका त्या टेबलालाच आहे.

हा आजार मला कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये लागला. मुलीला दाखवायला म्हणून नेलं होतं. ती अर्ध्या तासाने "बाबा, भूक लागली" म्हणायला लागली आणि मी हलायला तयार नव्हतो. तिथल्या गाड्या खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाच्या. घरी येऊन मी आकडेमोड केली. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर, भागिले ८७, उत्तर ८.७६. आणि बाजारात याहून छोट्या प्रमाणाच्या गाड्यांसाठी ९ मिलिमीटरचे तयार रूळ मिळतात! फरक फक्त पाव मिलिमीटरचा. बार्शीला तो दोन सेंटिमीटर झाला असता आणि गाडी पहिल्याच वळणावर शेतात गेली असती, पण आमच्याकडे शेत नाही. मला हा दैवी संकेत वाटला. बायकोला मी पानभर गणित दाखवलं. ती म्हणाली, "अहो, याच पानामागे वाण्याची यादी होती."

रूळ मिळतात, डबे मिळत नाहीत. बार्शी लाईटचा मालडबा जगात कुठल्याही दुकानात तयार मिळत असला तरी मला सापडलेला नाही. म्हणजे तो स्वतः करायचा, अगदी कोऱ्या कागदापासून. परदेशात ही छंदवाली मंडळी स्टायरीन नावाच्या प्लास्टिकचे पातळ पांढरे पत्रे वापरतात. मी अप्पा बळवंत चौकात गेलो.

"अर्धा मिलिमीटर जाडीचं पांढरं प्लास्टिक मिळेल का? कटरने कापता येईल असं."

"कशाला हवंय?"

"मालडबा करायचाय. रेल्वेचा."

"शाळेचा प्रोजेक्ट? मुलगा कितवीत आहे?"

"मुलगी नोकरीला आहे. प्रोजेक्ट माझा आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं. "एक वाजला. चारनंतर या." एकाला पाच मिनिटं कमी होती, पण मी वाद घातला नाही, माझी बाजू लंगडी होती. चारनंतर गेलो तर त्यांनी सनबोर्ड काढून दिला, तीन मिलिमीटरचा. गुणिले ८७ म्हणजे सव्वीस सेंटिमीटर जाडीची भिंत. इतक्या जाड भिंतीआड लोक खजिना ठेवतात, शेंगांची पोती नाही.

मग नजर घरातच फिरू लागली. या छंदाचं खरं लक्षण हेच, की माणसाला घरात वस्तू दिसेनाशा होतात आणि नुसत्या जाड्या दिसू लागतात. बँकेचं मुदत संपलेलं कार्ड सापडलं. ०.७६ मिलिमीटर, ताठ, सपाट, डब्याच्या तळाला जणू घडवून घेतलेलं. बार्शी लाईटची आखणी करणाऱ्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरने सगळ्या मालडब्यांना एकच चौकट ठेवली होती, २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद. ८७ ने भागून लांबी येते ८७.६ मिलिमीटर. बँकेचं कार्ड, साऱ्या जगात, ८५.६.

दोन मिलिमीटर कमी. मी ते कार्ड चार वेळा मोजलं. दोन मिलिमीटर म्हणजे बार्शीत जवळजवळ सात इंच. बायको म्हणाली, "कोण मोजणार आहे?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे, पण ते बोलून दाखवण्यासारखं नाही. शेवटी दोन्ही टोकांना एकेक मिलिमीटरची आडवी पट्टी जोडली आणि त्या रात्री शांत झोप लागली.

भिंतींचा प्रश्न लग्नाच्या पत्रिकांनी सोडवला. पुण्यात कुठल्याही घरात दिवाणखान्यातल्या शोकेसच्या खणात दहा-बारा जुन्या पत्रिका निघतातच, त्या टाकवत नाहीत आणि कोणी बघतही नाही. आयव्हरी कार्ड, जाडी ०.४, कापल्यावर कड सुटत नाही. एकच खोड आहे, फेव्हिकॉलच्या ओलाव्याने ते पापडासारखं वळतं. म्हणून आधी लाखेच्या पॉलिशचे दोन हात द्यायचे. माझ्या डब्याच्या डाव्या भिंतीवर आतून "आमचे येथे श्रीकृपेकरून" असं सोनेरी अक्षरात आहे आणि दाराशेजारी "कृपया आहेर आणू नये". तरी आहेर आलाच. डबा फार हलका झाला की रुळावरून उड्या मारतो, म्हणून आत वजन घालावं लागतं. ते आहेराच्या पाकिटांवर चिकटवलेल्या रुपयांचं आहे, चार नग.

मग रिव्हेट, म्हणजे डब्याचे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची गोल डोकी. माझ्याकडच्या फोटोत एका बाजूला शंभरावर दिसतात. ते उठवायला काहीतरी दातेरी चाक हवं होतं आणि मला फडताळात शंकरपाळ्याचं कातणं दिसलं. ॲल्युमिनियमच्या फॉइलवर फिरवलं, सुरेख रेघ उठली. मोजलं तर टिंबांमधलं अंतर तीन मिलिमीटर. म्हणजे वीतभर अंतरावर एक रिव्हेट. तो डबा कुर्डुवाडीच्या यार्डातच सुटा झाला असता. कातणं परत ठेवायला गेलो तर बायको समोर. दिवाळी चार दिवसांवर आली होती आणि त्याच्या दातात फॉइलची चकचकीत तार अडकलेली. त्या वर्षी आमचे शंकरपाळे सुरीने कापले गेले. ते खाताना माझ्याशी कोणी बोललं नाही.

पुढे रिव्हेट मी संपलेल्या बॉलपेनने, कागदाच्या उलट बाजूने, एकेक टोचून काढले. दोनशे बारा. एकशे नव्वदाव्याला मुलगी डोकावली. "बाबा, थ्रीडी प्रिंट करून देऊ? ऑफिसात आहे मशीन. दोन तासांत निघेल, रिव्हेटसकट."

"मग मी काय करू?"

"तेच ना, तुम्ही मोकळे!"

मुलांना आपल्या मोकळेपणाची फार घाई असते. तरी चाकं मात्र मी विकतचीच लावली, ती घरी करणं माझ्या कुवतीबाहेरचं आहे. अमेरिकेतून येणाऱ्या भाच्याला इतरांनी घड्याळं आणि सेंट सांगितले, मी चार आस आणि आठ चाकं सांगितली. त्याने पाकीट हातात देताना विचारलं, "मामा, एवढंच?" पावती बघितल्यावर पुन्हा विचारलं नाही.

आठ चाकं लागली, डबा रुळावर ठेवला, तर सात टेकली. आठवं हवेत. ते दाबलं की समोरचं उठायचं. कॅलथ्रॉपनी आपले डबे इकडे पाठवण्यापूर्वी लीड्सजवळ चाचणीचा रूळ घालून तपासले होते. मी टेबलावर तपासत होतो. बोटाने जरा ढकलला, वळणावर हवेतलं चाक रुळावर चढलं आणि डबा खाली. टेबल ७५ सेंटिमीटर उंच, म्हणजे डब्याच्या मापाने पासष्ट मीटर, वीस मजले. याच कॅलथ्रॉपनी पुढे वैमानिकांसाठी हवाई छत्री बनवली. रेल्वेतल्या माणसाचं लक्ष छत्रीकडे कसं वळलं, याचं कोडं मला त्या क्षणापर्यंत होतं.

डब्याचा एक कोपरा चेपला, बाकी पत्रिका दणकट निघाली. पुढचे तीन आठवडे मी चाकाखाली कागदाच्या चकत्या घालून बघत होतो. एक बसवली की दुसरं चाक उठायचं. आई पलंगावर बसून हे बघत होती. आमच्या घरचा सत्यनारायणाचा चौरंग चाळीस वर्षं डुगडुगतोय आणि त्याच्या पायाखाली घडी घालून ठेवायचा कागद ही आईचीच जबाबदारी. ती म्हणाली, "चार पायांचं असंच असतं रे. तिपाई कधी डुगडुगली का?"

आई चौथी पास आहे. मी यंत्रशास्त्राचा पदवीधर आहे, हे इथेच सांगून मोकळा होतो. डब्याखाली दोन्ही टोकांना चार-चार चाकांची एकेक चौकट असते, तिला बोगी म्हणतात. एका बाजूची बोगी स्क्रूने घट्ट आवळायची, तिने फक्त वळायचं. दुसरीचा स्क्रू सैल ठेवायचा, तिने वळायचंही आणि डावी-उजवीकडे कलायचंही. घट्ट बोगीचे दोन पाय, सैल बोगीचा एक. झाली तिपाई! अर्ध्या वळशाने स्क्रू ढिला केला आणि आठही चाकं अशी टेकली, जशी कधी उठलीच नव्हती. मी आईला वाकून नमस्कार केला. ती म्हणाली, "आता टेबल मोकळं कर, जेवायला बसायचंय."

रंग गेरूचा, रांगोळीखाली घालतात तोच, ॲक्रिलिकमध्ये कालवून. कोरा करकरीत डबा खोटा दिसतो, म्हणून त्याला मळवावं लागतं. उदबत्तीची राख, खडूची पूड, जरासा काळा, कोरड्या ब्रशने थरावर थर. पंधरा दिवसांत डबा असा झाला, की दहा वर्षं उन्हापावसात चाललाय. सोमवारी संध्याकाळी घरी आलो तर मावशी दारातच म्हणाल्या, "दादा, त्या तुमच्या डब्यावर केवढी धूळ होती हो! ओल्या फडक्याने लख्ख करून ठेवलाय." मी त्यांना थँक्यू म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

एका डब्याची गाडी होत नाही. निदान सहा हवेत, आणि इंजिनाचा विषय मी घरात अजून काढलेला नाही. परवा बायकोच्या आत्तेभावाकडचे मुलीच्या लग्नाचं बोलावणं करायला आले. पत्रिका हातात पडताच मी कोपरा वाकवून सोडला, तो टणकन सरळ झाला. "वा!" मी म्हणालो. पाहुणे खूश झाले. "हजार छापल्यात," ते म्हणाले.

"उरतील का थोड्या?" हे माझ्या तोंडून गेलंच.

बायकोने "बसा हं, चहा टाकते" म्हणून विषय तोडला. पाहुणे गेल्यावर आता काय ऐकावं लागतंय म्हणून मी पेपरात तोंड घातलं. तिने पत्रिका उचलली, मुहूर्त वाचला, कॅलेंडरवर खूण केली आणि मग कागद दोन बोटांत धरून जरा चोळला.

"मागच्यापेक्षा जाड आहे," ती म्हणाली. "चौकटीला घ्या. भिंतींना नको."