घरफोडीतले ठसे ‘आधार’शी जुळवले जात नाहीत

खानापूर, निपाणी, बेळगाव परिसरातल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘चोराचे ठसे आधारला लावले की मिनिटात नाव कळतं, तपास लांबला म्हणजे पोलीस चोराला सामील.’ हे खरं नाही. आधार कायदा 2016, कलम 29 प्रमाणे आधारसाठी घेतलेले ठसे कुणालाच, कोणत्याही कारणासाठी देता येत नाहीत. शेजारच्या गोव्यातल्या एका गुन्ह्यात सीबीआयलाही ते हवे होते. या कायद्याच्याही आधी, 2014 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ते संबंधित व्यक्तीच्या लेखी संमतीशिवाय देण्यास मनाई केली.

पोलीस वापरतात ती ‘नाफिस’, 2022 मध्ये सुरू झालेली देशव्यापी यंत्रणा. तिच्यात अटक आणि शिक्षा झालेल्यांचे ठसे असतात. त्यामुळे कोल्हापुरात पकडलेल्याचा ठसा उद्या चिकोडीतल्या कपाटावर मिळाला तर जुळू शकतो. राज्याची हद्द आड येत नाही. पण पहिल्यांदाच चोरी करणारा तिच्यात सापडणार कसा? शिवाय हँडलवर मिळतो तो बहुधा पुसट, अर्धवट ठसा. संगणक जवळचे ठसे काढून देतो, खात्री तज्ज्ञच करतो.

म्हणून कळकळीची विनंती: घर फोडलेलं दिसलं तर काय गेलं ते बघायला कपाट उचकू नका, कडी-कुलपाला हात लावू नका. आधी 112 ला फोन करा.