पिल्लाची आई कुठे आहे?

आत्ता माझ्या पायाशी झोपलेल्या कुत्रीचं सगळं तारुण्य पिल्लं देण्यात गेलं. वेत बंद झाल्यावर ब्रीडरला ती नकोशी झाली आणि माझ्याकडे आली. पुढचे दात पार झिजलेले. पिंजऱ्याचे गज चावून झिजले असणार, असं डॉक्टर म्हणाले. गवतावर पाय ठेवायला तिने चार दिवस घेतले. तिची पिल्लं ज्या घरांत लाडात वाढतायत, त्यांतल्या बहुतेकांनी तिला कधी पाहिलंही नसेल.

मला राग येतो तो याच गोष्टीचा. आपण पिल्लू बघतो, त्याचा रंग बघतो, आई कुठे आहे हे विचारत नाही. विकणाऱ्याला तेच हवं असतं. कायद्याने बोट ठेवायला हवं ते इथे.

इंग्लंडने ते ठेवलं. वेल्समधल्या एका पपी फार्ममधून, म्हणजे विक्रीसाठी घाऊक पिल्लं काढणाऱ्या ठिकाणाहून, २०१३ साली लुसी नावाची कॅव्हेलियर स्पॅनियल सोडवली गेली. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात राहून तिचा कणा वाकला होता. तिच्याच नावाने ओळखला जाणारा कायदा इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० पासून लागू आहे. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू दुकानदाराने किंवा दलालाने विकायचं नाही. ते जिथे जन्मलं तिथेच, आईसोबत दाखवून, ब्रीडरनेच विकायचं. फ्रान्समध्ये २०२४ पासून दुकानांत कुत्री-मांजरं विकायला बंदी आहे. शिवाय पहिल्यांदा प्राणी घेणाऱ्याला जबाबदारीच्या कागदावर सही करून सात दिवस थांबावं लागतं. हे सात दिवस मला फार आवडले. हौस आणि तयारी यांतला फरक तेवढ्यात कळतो.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. २०१७ च्या केंद्राच्या नियमांनुसार ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, मादीकडून वर्षाला एकाहून जास्त वेत घ्यायचं नाही. आठ आठवड्यांची अट उगाच नाही. किती जोरात चावलं की समोरच्याला दुखतं, हे पिल्लू आई-भावंडांच्या मस्तीत शिकतं. ते शिकायच्या आधीच उचलून आणलं, की पुढे घरातल्यांना चावतं आणि मग 'डोक्याने बिघडलेलं' ठरतं. पण प्राण्यांवरची क्रूरता रोखणाऱ्या ज्या १९६० च्या कायद्याखाली हे नियम आले, त्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये! एका पिल्लाच्या किमतीपुढे हा दंड कोणाला जाणवणार?

नियम कडक केले की प्रामाणिक ब्रीडर भरडले जातात, असं काही जण म्हणतात. मला हे पटत नाही. जो मादीला नीट सांभाळतो तो तिला स्वतःहून पुढे आणून दाखवतो, तिच्या तपासण्यांचे कागद काढून ठेवतो. अडचण होते ती 'गाडीतूनच घेऊन जा, घरी यायची गरज नाही' म्हणणाऱ्याची.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पिल्लाच्या प्रत्येक जाहिरातीत, ऑनलाइनसुद्धा, ब्रीडरचा नोंदणी क्रमांक सक्तीचा करा. आई न दाखवता झालेली विक्री बेकायदा ठरवा. दंड असा ठेवा की त्या वेतातली सगळी कमाई जाईल. आणि सोडवलेल्या माद्यांच्या उपचारांचा खर्च त्याच माणसाकडून वसूल करा. माझ्या कुत्रीचे दोन दात उद्या काढायचे आहेत.