मरणाशी वैर नव्हतंच

पंधरा जानेवारीचा सेनादिन आला, की एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतो. सारांश असा: खरा सैनिक मरणाला हसत सामोरा जातो. युद्धविरोधी कविता लिहितात ते बंदुकीला हात न लावलेले, मरणाला टरकणारे लोक. त्यांच्या कवितेतला शिपाई सदा रडका, म्हणून ती कविता म्हणजे हुतात्म्यांचा अपमान. आणि हे सगळं पाश्चात्त्य खूळ. आपल्याकडे कसं, गीता सांगते, ‘हतो वा प्राप्स्यसि स्वर्गम्’, मारला गेलास तर स्वर्ग मिळेल.

पाश्चात्त्य म्हणताच आहात, तर पहिल्या महायुद्धातली इंग्रजी कविताच घेऊ. युद्धविरोधी कविता म्हटलं की जगभर आधी तिचंच नाव निघतं.

बंदुकीला हात न लावलेले? त्या कवींपैकी विल्फ्रेड ओवेन मँचेस्टर रेजिमेंटचा अधिकारी होता. ऑक्टोबर १९१८ मधल्या कामगिरीबद्दल त्याला मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक मिळालं आणि ४ नोव्हेंबरला, युद्ध थांबायला आठवडा उरला असताना, फ्रान्समध्ये ऑर्स गावाजवळ कालवा ओलांडताना तो मारला गेला. वय २५. सिगफ्रीड ससूनकडेही मिलिटरी क्रॉस होता. त्याची बेफाम धाडसं बघून सोबती त्याला ‘मॅड जॅक’ म्हणत. आयझॅक रोझेनबर्ग साधा शिपाई, १ एप्रिल १९१८ ला मारला गेला. उलट ‘देशासाठी मरण गोड आणि शोभून दिसणारं’ ही लॅटिन ओळ ज्याची, तो रोमन कवी होरेस दुसऱ्या एका कवितेत स्वतःच सांगतो, की फिलिपायच्या रणातून आपण ढाल टाकून पळालो. ओवेनने आपल्या गाजलेल्या कवितेत ती ओळ ‘जुनं खोटं’ म्हणून उद्धृत केली. त्या कवितेचा एक मसुदा त्याने उपरोधाने जेसी पोप यांना अर्पण केला होता. या बाई घरी बसून, युद्ध म्हणजे खेळ अशा थाटात पोरांना भरतीसाठी डिवचणाऱ्या कविता लिहीत.

आता मरणाला टरकण्याचा मुद्दा. यासाठी ओवेनची ‘द नेक्स्ट वॉर’, म्हणजे ‘पुढचं युद्ध’, ही चौदा ओळींची कविता वाचायला हवी. त्यात सैनिक सांगतात ते थोडक्यात असं: आम्ही मरणाकडे ओळखीच्या माणसाकडे जावं तसे चालत गेलो, त्याच्याबरोबर जेवायला बसलो, त्याने आमच्या हातातलं भांडं लवंडलं तर तेही चालवून घेतलं. त्याच्या श्वासाचा हिरवा, दाट वास हुंगला (हा विषारी वायू). तो गोळ्या थुंकला, तोफगोळ्यांचे तुकडे खोकला. तो आभाळात गायला लागला तेव्हा आम्ही सूर धरला. तो विळ्याने आमची हजामत करत होता तेव्हा शीळ घातली. डोळ्यांत पाणी आलं, धीर मात्र सुटला नाही. मरण आमचा वैरी कधीच नव्हता, जुना यार होता; त्याच्याशी भांडायचा पगार सैनिकाला मिळत नाही.

(आपल्या यमाच्या हाती पाश असतो, एकेकाला बांधून नेणारा. तिकडच्या मरणाच्या हाती पीक कापायचा विळा. खंदकांच्या त्या युद्धाला विळाच जास्त लागू पडला.)

म्हणजे मजकूरवाल्यांना हवा असलेला हसरा सैनिक इथेच आहे, अगदी युद्धविरोधी कवितेत! अडचण शेवटच्या ओळींची आहे. आम्ही हसलो, सैनिक म्हणतात, कारण आमच्याहून बरी माणसं येणार हे ठाऊक होतं; आणि येणार होती आणखी मोठी युद्धं, ज्यात लढणारा फुशारकी मारेल की मी मरणाशी लढतोय, जीव वाचवण्यासाठी; झेंड्यांसाठी माणसांशी नव्हे. तक्रार मरणाविरुद्ध नाहीच, माणसांना एकमेकांवर सोडणाऱ्या कारणाविरुद्ध आहे.

आणि हे हसणं कुठलं? एडिंबरोच्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळातलं. तोफांच्या माऱ्याने मन मोडलेल्या अधिकाऱ्यांसाठी ते होतं. ओवेन तिथे रुग्ण होता, ससूनही. कविता पहिल्यांदा छापून आली ती १९१७ च्या सप्टेंबरात, इस्पितळाच्याच ‘हायड्रा’ नावाच्या नियतकालिकात. पहिले वाचक म्हणजे त्याच मरणाच्या पंगतीतून उठून आलेले, रात्री दचकून जागे होणारे लोक. त्यांच्यासमोर खोटं शौर्य चाललं नसतं आणि खोटं रडणंही नाही. हसत सामोरा जाणारा आणि आतून मोडलेला, ही दोन वेगळी माणसं असतात असं आपण घरी बसून ठरवतो.

रडकेपणाचा आरोप जुना आहे, आणि तो करणारा माणूस मोठा होता. आयरिश कवी डब्ल्यू. बी. येट्सने १९३६ च्या आपल्या ऑक्सफर्ड कवितासंग्रहातून, जो त्याने संपादित केला होता, ओवेनला वगळलं. नुसतं सोसणं हा कवितेचा विषय नाही, असं त्याचं म्हणणं. ओवेनच्या काही ओळी फार हळव्या होतात, हे मलाही मान्य. पण रोझेनबर्गच्या कवितेतला उंदीर बघा. पहाटे खंदकात तो इंग्रज शिपायाच्या हाताला लागून जातो, आणि आता जर्मनाच्या हाताकडे निघेल. शिपाई त्याला म्हणतो, तुझी ही सर्वांशी सलगी कळली तर तुला गोळी घालतील. यात रडणं कुठे आहे? कानामागे खसखशीचं फूल खोचून तो उभा आहे.

अपमानाबद्दल थोडंच. ‘गुरांसारखे मरणारे’ हा ओवेनचा शब्दप्रयोग बोचतो, बोचायलाच हवा. पण तो मेलेल्यांबद्दल नाही, त्यांना तसं मारणाऱ्या यंत्रांबद्दल आहे. ससूनच्या एका कवितेतला हसतमुख पोरगा हिवाळ्यात, उवांना आणि तोफांना कंटाळून स्वतःला गोळी घालतो, आणि पुढे त्याचं नाव कोणी काढत नाही. ससूनचा राग जातो तो संचलन बघून टाळ्या पिटणाऱ्या गर्दीवर.

राहिलं आपलं आणि त्यांचं. ‘हतो वा’ हा श्लोक ज्या महाभारतात आहे, त्यातच स्त्रीपर्व आहे. रणात पडलेली पोरं ओळखत फिरणारी गांधारी आहे. ते पर्व कोणी फॉरवर्ड करत नाही. आणि ओवेनपुरतं सांगायचं, तर शेवटच्या वेळी आघाडीवर जाताना त्याने आईला रवींद्रनाथांच्या गीतांजलीतली ओळ म्हणून दाखवली होती: इथून जाईन तेव्हा माझा निरोपाचा शब्द हाच असो, की मी जे पाहिलं त्याला तोड नाही. तो गेल्याची तार आईवडिलांना मिळाली ११ नोव्हेंबरला, श्रूझबरीत युद्धबंदीच्या घंटा वाजत असताना. पुढे त्याची खिशातली वही घरी आली. त्या वहीत तीच ओळ होती, खाली रवींद्रनाथांचं नाव. १९२० मध्ये आईने रवींद्रनाथांना पत्र लिहून हे सगळं कळवलं, आणि ही ओळ त्यांच्या कोणत्या पुस्तकात सापडेल असं विचारलं.