सणाला शास्त्रीय कारण लागतंच का?

आपल्याकडे सण आला की पुरणपोळीच्या आधी व्हॉट्सॲपवर त्याचं 'शास्त्रीय कारण' येऊन पडतं. गुढीचा तांब्या म्हणे लहरी खेचतो! मला याचा मनापासून वैताग आहे, आणि टोकियोत राहायला लागल्यापासून तो वाढलाय.

लेक इथल्या साध्या सरकारी शाळेत जातो. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सेत्सुबुन नावाचा सण असतो. भाजलेले सोयाबीन फेकत ओरडायचं, 'ओनी वा सोतो, फुकु वा उची', म्हणजे राक्षस बाहेर, भाग्य घरात. मग वयाइतके दाणे मोजून खायचे. सोयाबीनमधल्या प्रोटीनवर कुणी भाषण देत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या पोरांच्या घशात दाणे अडकतात, म्हणून कित्येक पाळणाघरांत वर्तमानपत्राचे बोळे फेकतात. परंपरा बुडाली म्हणून कुणी गळा काढलेला मी तरी ऐकला नाही.

माझा लाडका सण मात्र तानाबाता, ७ जुलैचा. विणकर राजकन्या आणि गुराखी, म्हणजे आकाशातले आपले अभिजित आणि श्रवण, वर्षातून एकदा भेटतात. गंमत अशी की जपानने १८७३ साली इंग्रजी कॅलेंडर घेतलं आणि हा सण भर पावसाळ्यात येऊन पडला. सेंदाई शहरातले लोक तो अजून जुन्या वेळेच्या आसपास, ऑगस्टमध्ये करतात. टोकियोत बहुतेकदा ढगच. तरी वर्गात बांबूची फांदी उभी राहते आणि रंगीत पट्ट्यांवर पोरं इच्छा लिहितात. कुणाला फुटबॉलपटू व्हायचंय, कुणाला कुत्रा हवाय. एका पठ्ठ्याला थेट शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, व्हायचं होतं! चालक नव्हे, गाडीच. बाईंनी ती पट्टीही तितक्याच मन लावून बांधली. जेवणात सोमेन, म्हणजे बारीक नूडल्स, त्यावर भेंडीच्या चकत्या, कारण आडवी चिरलेली भेंडी चांदणीसारखी दिसते. घरी भेंडीला नाक मुरडणाऱ्या आमच्या चिरंजीवांनी ती दोनदा मागून घेतली.

सगळंच गोड आहे असंही नाही. ३ मार्चच्या हिनामात्सुरीत मुलींसाठी बाहुल्या मांडतात आणि त्या वेळेत आवरल्या नाहीत तर मुलीचं लग्न लांबतं म्हणतात. हे ऐकून मला थेट आमची आत्या आठवली. शेजारच्या आजींना विचारलं, तुम्ही मानता का हे? हसल्या, म्हणाल्या, "नाही हो. पण चार तारखेला आवरून टाकते."