गोल्फ कार्टचा तो व्हायरल मेसेज: सिलिंडरपासून गव्हर्नरपर्यंत

नाशिकजवळ गिरणारे, दिंडोरी, गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षबागांतली रिसॉर्ट आणि फार्महाऊस सांभाळणाऱ्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. ‘गॅस गोल्फ कार्ट असेल तर हा मेसेज जपून ठेवा’ अशी त्याची सुरुवात. त्यात सहा गोष्टी सांगितल्यात: गाडी सिलिंडरवरही चालते, सुरू झाली नाही तर कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) बदला, पेट्रोलमध्ये टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल घाला, काळा धूर म्हणजे इंजिन गेलं, बेल्ट ओरडला तर ग्रीस लावा आणि गव्हर्नर (वेग आवरून धरणारा भाग) मोकळा केला की गाडी पळते. गोल्फ कार्ट म्हणजे पाहुणे आणि सामान आवारात फिरवायची छोटी, उघडी गाडी. मी या गाड्यांचंच काम करतो. दोन ठिकाणी हे सल्ले प्रत्यक्ष अमलात आलेले पाहिले, म्हणून हे लिहितोय.

आधी सिलिंडर. अमेरिकेत पेट्रोललाच ‘गॅस’ म्हणतात. तिकडचे व्हिडिओ पाहून कुणीतरी शब्द जसाच्या तसा उचलला आणि त्याचा अर्थ झाला स्वयंपाकाचा गॅस. या कार्टचं इंजिन सीटच्या खाली असतं, म्हणजे माणूस इंजिनावरच बसलेला असतो. तिथे १४.२ किलोची लाल टाकी बांधायची? हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर न जाता सीटखाली साचतो, आणि शेजारी ठिणगी टाकणारं इंजिन चालू असतं. घरगुती सिलिंडर वाहनाला लावायला कायद्यानेही बंदी आहे. हा मुद्दा पुढे पाठवलेला असेल तर कृपा करून ग्रुपवर तसं सांगा.

कार्बोरेटरवर मात्र जरा थांबावं लागेल, कारण पैसे सगळ्यात जास्त इथेच वाया जातात.

पेट्रोल कार्ट मोटारसायकलसारखी चालू राहत नाही. चावी फिरवून पेडल दाबलं की इंजिन सुरू होतं, पाय काढला की बंद होतं. सेल्फ आणि डायनॅमो मिळून एकच यंत्र असतं. तेच बेल्टने इंजिन फिरवतं आणि इंजिन चालू झालं की १२ व्होल्टची बॅटरी चार्ज करतं. आता आपल्याकडचा वापर बघा. गेटपासून खोलीपर्यंत दोनशे मीटर, थांबा, सामान उतरवा, परत चला. प्रत्येक वेळी पेडल दाबलं की बॅटरीवर सेल्फचा भार पडतो आणि चार्ज व्हायला मिळतात जेमतेम दोन मिनिटं. शनिवार-रविवारच्या गर्दीनंतर सोमवारी सकाळी गाडी उठत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा इतकंच असतं.

म्हणून पाना उचलायच्या आधी कान द्या. पेडल दाबल्यावर काहीच आवाज नाही? मग फ्यूज, चावीचा स्विच, पेडलजवळचा मायक्रोस्विच आणि अर्थिंगची वायर बघा. ‘टिक’ होतं पण इंजिन फिरत नाही? सोलेनॉइडपर्यंत, म्हणजे सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचपर्यंत, करंट पोचतोय, दोष पुढे आहे: बॅटरी, टर्मिनल, सोलेनॉइडचे आतले पॉइंट किंवा सेल्फ. इंजिन फिरतं पण पकडत नाही, तेव्हाच प्लगचा करंट आणि पेट्रोल तपासायचं. कार्बोरेटरची पाळी या रांगेत फार उशिरा येते.

दिंडोरी रस्त्यावरच्या एका बागेत मला बोलावलं तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, “भाऊ, नवा कार्बोरेटर मागवून ठेवलाय, फक्त बसवून द्या.” मी त्याला पेडल दाबायला सांगितलं. टिक. पुन्हा टिक. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर हिरवट-पांढरा खार बोटभर चढला होता. गरम पाण्यात खायचा सोडा घालून टर्मिनल धुतलं, घासलं, नट आवळला. गाडी पहिल्या दाबात सुरू झाली. मल्टिमीटर लावून पाहिलं तर इंजिन चालू असताना बॅटरीवर चौदाच्या आसपास व्होल्ट होते, म्हणजे चार्जिंगही ठीक. कार्बोरेटर डब्यात तसाच राहिला.

एक काळजी घ्या. ही तपासणी गिअर न्यूट्रलला ठेवून आणि चाकांना दगड लावूनच करायची. पेडल दाबताच चालू होणारी गाडी पेडल दाबताच पुढेही सरकते.

कार्बोरेटर बिघडतच नाही असं नाही. तो बहुधा शिळ्या पेट्रोलने चोंदतो. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल ओलावा ओढतं आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलामुळे गाडी दोन महिने शेडमध्ये उभी राहणार असेल तर कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल काढून ठेवा. गाडीतल्या पेट्रोल पंपाच्या नळ्याही हाताने वाकवून बघा. पुष्कळ कार्टमध्ये हा पंप विजेवर चालत नाही, क्रँककेसमधल्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीतल्या, दाबाच्या ठोक्यांवर चालतो. ठोके पोचवणाऱ्या बारीक नळीला चीर गेली की पेट्रोल वर येत नाही आणि बोल मात्र कार्बोरेटरला लागतो.

टू-टी ऑइलचा मुद्दा अर्धा खरा आहे. यामाहाची जुनी जी-१ कार्ट खरंच टू-स्ट्रोक होती. पण इथे रिसॉर्टवर माझ्या हाताखाली येणाऱ्या गाड्या फोर-स्ट्रोक आहेत. त्यांचं ऑइल इंजिनात वेगळं असतं, पेट्रोलमध्ये घातलं तर प्लग काळा पडतो आणि धूर येतो. इंजिनातलं ऑइलसुद्धा ते मोजायच्या पट्टीवरच्या खुणेपेक्षा जास्त भरू नका. जास्तीचं ऑइल एअर फिल्टरमध्ये चढतं, कधी त्या ठोक्यांच्या नळीतून पंपात जातं आणि चांगला पंप निकामी होतो. गाडी सपाट जागेवर उभी करून पट्टी पुसा, पुन्हा घाला आणि मग वाचा.

काळा धूर म्हणजे इंजिन गेलं, हेही खोटं. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. आपल्याकडे त्याचं पहिलं कारण एअर फिल्टर. एप्रिलमधल्या द्राक्षवेलींच्या खरड छाटणीच्या दिवसांत बागेतली धूळ, पुढे भुरी रोगासाठी धुरळलेलं गंधक, हे सगळं त्याच फिल्टरमध्ये जाऊन बसतं. फिल्टर काढून उजेडात धरा. पलीकडचा उजेड दिसत नसेल तर बदला, आणि चोक अडकलेला नाही ना तेही बघा. निळसर धूर आला तर काळजी करा, तेव्हा ऑइल जळतंय.

बेल्टला ग्रीस कधीच नाही. कार्टमध्ये दोन बेल्ट असतात, एक सेल्फचा आणि एक दोन क्लचमधला, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांकडे नेणाऱ्या दोन पुलींमधला. दोन्ही घर्षणावर चालतात. ग्रीस लावलं की आवाज जाईल, पण क्रेट भरून चढावर निघालेली गाडी जागेवरच राहील आणि इंजिन नुसतं फिरत राहील. सुरू होताना ओरडत असेल तर सेल्फचा बेल्ट ढिला आहे, ताण द्या. चढावर दम तोडत असेल तर क्लचमधल्या बेल्टच्या कडा बघा. त्या चकचकीत झाल्या असतील किंवा बेल्ट अरुंद झाला असेल तर नवा घाला.

आणि गव्हर्नर. हे वाचूनच मी लिहायला बसलो. या गाड्या ताशी वीस-पंचवीस किलोमीटरसाठी बांधलेल्या असतात. बहुतेकांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना, तेही केबलने ओढले जाणारे ड्रम ब्रेक. दारं नाहीत, मागच्या सीटवर उलट तोंड करून पोरं बसलेली. धरणाच्या बाजूच्या एका फार्महाऊसवर मी सीट उचलली तर गव्हर्नरची दांडी बाइंडिंगच्या तारेने खेचून बांधलेली होती. शेठ म्हणाले, “पाहुणे म्हणतात गाडी मंद आहे.” तीच गाडी उतारावरून खाली येत होती आणि तिच्या उजव्या ब्रेकच्या केबलचे निम्मे धागे तुटलेले होते.

तीच गाडी गिरणारे रस्त्यावरही काढायचे. मोटार वाहन कायदा १९८८ मधून सुटतात ती फक्त बंदिस्त आवारात वापरायसाठीच केलेली वाहनं. फाटकाबाहेर पडली की ती सूट उरत नाही.

ती तार मी शेठसमोरच कापली. केबल दोन्ही बाजूंच्या नव्या घातल्या, ब्रेक शू बदलले आणि त्यांनाच गाडीत बसवून उतारावर तीनदा थांबवून दाखवलं.